वाजून उभे राहिलेले दोन मेंढे

गुरुवारी संध्याकाळी बाबांनी जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल पसरला. रिव्हॉल्वर त्यावर आडवं ठेवलं, शेजारी पितळी ब्रश, तेलाची कुपी आणि आईच्या नखरंगाची लाल बाटली मांडली. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. बाटलीत दर वर्षी थोडं थिनर घालून बाबांनी ती चालू ठेवली होती. रिव्हॉल्वरच्या प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून बाजूच्या पोलादावर जाणारी एक बारीक लाल रेघ ते काढत. धक्क्याने स्क्रू केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसे.

"खीळ?" बाबांनी विचारलं.

हे आमचं लहानपणापासूनचं पाठांतर. मी चक्राच्या मधली खीळ अंगठ्याने ओढून पाहिली. एवढ्या जोराच्या काडतुसांत ती दर गोळीला पुढे सरकायला बघते.

"जागेवर."

"स्क्रू?"

"सगळ्या रेघा जुळतायत."

"फट?"

मी नळी आणि चक्र यांच्यामध्ये मापाची पातळ पट्टी सरकवली. घोडा अर्ध्यावर आणून चक्र एकेक घर फिरवलं. "सहाही घरांना सारखी. गेल्या महिन्यात होती तेवढीच."

"मग मला सांग, सिग्ना," बाबा चष्मा कपाळावर सरकवत म्हणाले, "ते दोन मेंढे उभे का राहिले?"

मी कॉफी गरम करायला उठले.

आमच्या ड्राय फोर्कमध्ये जून महिन्यात पोलादी जनावरांची स्पर्धा असते. पन्नास मीटरवर कोंबड्या, शंभरवर डुकरं, दीडशेवर टर्की आणि दोनशेवर मेंढे, प्रत्येकी दहा. गोळी नुसती लागून चालत नाही, जनावर आडवं व्हावं लागतं. मेंढा पंचवीस किलोचा. गेल्या जूनमध्ये बाबांच्या दोन गोळ्या मेंढ्यांना बरोबर खांद्यावर लागल्या. सगळ्या मैदानाने घंटेसारखा आवाज ऐकला. मेंढे जरासे डुलले आणि उभे राहिले. बाबांचे छत्तीस झाले आणि डेल्मर कोल्स्टॅडचे सदतीस.

तेव्हापासून बाबा बिघाड शोधत होते. नळी तपासली, स्प्रिंगा बदलल्या, लुइसटाउनच्या कारागिराकडे पाठवून चक्राची घरं मोजून घेतली. बिघाड सापडला नाही. मग मार्चमध्ये ते स्वतःचे डोळे तपासून आले. एप्रिलपासून ते स्वतःच्या मनगटाकडे बघू लागले, म्हणजे कॉफीचा कप उचलताना उगाच थांबत.

मागचं दार न वाजवता उघडलं. आमच्याकडे असं येणारा एकच माणूस, डेल्मरकाका. एका हातात रुबार्बच्या आंबट देठांची भाजलेली गोड पाई, दुसऱ्या हातात स्पर्धेचा तवा. आमच्या क्लबात कप नसतो. ओतीव लोखंडाचा एक मोठा तवा आहे, त्याच्या मागे जिंकणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, आणि ज्याच्याकडे तवा असेल त्याने पुढच्या स्पर्धेला सगळ्यांसाठी अंडी करायची.

"अजून तुझ्या या म्हातारीची हाडं मोजतोयस का, आल्डेन?" रिव्हॉल्वरकडे बघत ते म्हणाले.

"बूट पूस आधी."

"तुला शंभरदा सांगितलं. मेंढा उभा राहिला, कारण त्याने पाहिलं की कोण मारतंय." काकांनी पाई टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढली. "सिग्ना, तव्याला तेल लावून ठेव गं. रविवारी मला पुन्हा अंडी करायचीत."

"तुमची अंडी मागच्या वेळी रबरासारखी होती," मी म्हणाले.

"फुकटची रबरं होती ना?"

या वर्षीची स्पर्धा अर्धीच झाली होती. आदल्या रविवारी गारपीट आली आणि मेंढे राहिले. तोवर बाबांचे तीसपैकी तीस झाले होते. तीसपैकी तीस त्यांना एकाहत्तर वर्षांत कधी जमले नव्हते. काकांचे एकोणतीस होते, आणि ते एकोणतीस त्यांना फार टोचत होते.

बाबांनी चक्र पुन्हा बसवलं, खीळ आत ढकलली, खटका वाजला. मग काकांकडे न बघता म्हणाले, "या रविवारी जर एकही मेंढा वाजून उभा राहिला ना, तर ही तुझी. ने घरी."

"मला काय करायचीय तुझी म्हातारी?"

"मी गंमत करत नाही, डेल्मर. दोष तिच्यात नसेल, तर माझ्यात आहे. मग तो बिघाड दुरुस्त होण्यातला नाही."

पाई कापताना काकांनी बाबांना सगळ्यात मोठा तुकडा दिला.

मी तळघरात उतरले. तिथे आमचं काडतुसं भरायचं यंत्र आहे. दोन वर्षांपूर्वी संधिवाताने बाबांची बोटं आखडायला लागली, तेव्हापासून काडतुसं मीच भरते. आणि गेल्या वर्षी मे महिन्यात, सरावानंतर त्यांचं मनगट सुजून पावासारखं झालेलं पाहिल्यावर, मी तराजूचं माप खाली आणलं होतं. दारू थोडी कमी. धक्का थोडा कमी. बाबांना विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही. कोंबड्या, डुकरं, टर्की यांना तेवढा जोर पुरतो. मेंढ्यांना तो पुरत नाही, हे मला जूनमध्ये कळलं. त्यानंतर सांगायला जवळजवळ बारा महिने होते.

त्या गुरुवारी मी माप पुन्हा वर नेलं.

"पंधरा भर गं," वरून बाबांचा आवाज आला. दहा मेंढ्यांना ते नेहमी पंधरा काडतुसं नेत. "नेहमीसारखीच."

"हो," मी म्हणाले.

एकेक काडतूस भरून मी लाकडी ठोकळ्यातल्या भोकांत उभं केलं. पंधरा. वर आले तेव्हा बाबा आणि काका तव्यावरची नावं मोठ्याने वाचत, कोण मेलं आणि कोण ॲरिझोनाला राहायला गेलं याचा हिशेब लावत हसत होते.

शुक्रवारी सकाळी शेजारच्या घोड्यांना चारा घालायला बाबा निघाले. ट्रक सुरूच झाला नाही असं मला वाटलं. अर्ध्या तासाने मी बाहेर गेले तेव्हा ते सीटवर बसलेले होते, दार उघडं, एक पाय बाहेर, किल्ली हातात.

मंगळवारी दफन झालं. चर्चच्या तळघरात बायकांनी हॅमचे सँडविच आणि बटाट्याची हॉटडिश मांडली. मी सगळ्यांचे आभार मानले. क्लबची व्यवस्था पाहणारी आर्लिस ट्वाइट, शाळेच्या बसची ड्रायव्हर, रांगेत शेवटी उभी होती. तिने माझा हात हातात घेतला आणि सोडला नाही.

"आम्ही मेंढे पुढच्या रविवारवर ढकललेत."

"बरं केलंत."

"आल्डेनचे दहा बाकी आहेत. फळ्यावर तीस लिहून मला ते तसंच सोडवत नाही. त्याचीच रिव्हॉल्वर, त्याचीच काडतुसं, तू मार. राज्याच्या संघटनेकडे नाही जाणार ते. आपल्या फळ्यावर जाईल."

"मी स्पर्धेत कधी उतरलेले नाही, आर्लिस."

"मेंढ्यांना ते माहीत नाहीये."

मागून डेल्मरकाका म्हणाले, "दुर्बीण मी धरतो."

त्या रविवारी आभाळ धुतल्यासारखं निळं होतं आणि वारा डावीकडून, बेताचा. काकांनी आपले मेंढे आधीच उरकले होते. आठ. म्हणजे पुन्हा सदतीस. गेल्या वर्षीचेच सदतीस. बाबांना तवा मिळायचा तर आठ हवे होते. मला मात्र तव्याचं काहीच नव्हतं. मला एवढंच हवं होतं, की या रिव्हॉल्वरची गोळी ज्या मेंढ्याला लागेल तो सगळ्यांसमोर आडवा व्हावा.

मी पिंडरीवर बाबांचं चामडं बांधलं. आमच्याकडे मेंढे उताणं झोपून मारतात. पाय मेंढ्यांकडे, एक हात डोक्यामागे, रिव्हॉल्वर पिंडरीच्या बाजूला टेकवलेलं. चक्राच्या फटीतून जाळ बाहेर येतो, तो पाय भाजू नये म्हणून चामडं. त्या चामड्यावर बाबांनी वीस वर्षांत पाडलेला काळा डाग होता. माझा पाय लहान, डाग वर आला.

"भरा," आर्लिस म्हणाली. पाच काडतुसं. सहावं घर रिकामं.

"तयार."

"मारा."

पाच मेंढे, दोन मिनिटं. मी अंगठ्याने घोडा ओढला. त्याचा तो खटखट आवाज मी पाळण्यात असल्यापासून ओळखते. नळीच्या टोकावरची नेमाची माशी मेंढ्याच्या खांद्यावर ठेवली, श्वास सोडला आणि चाप दाबला.

धक्का खांद्यापर्यंत आला. वर्षभर हलक्या काडतुसांची सवय झालेल्या माझ्या हाताला तो नवा वाटला. नळी आभाळाकडे गेली. मेंढा आधी आडवा झाला आणि त्याचा आवाज मागाहून पोचला.

"एक," काका म्हणाले. "बरोबर मध्ये. तसंच."

दुसरा तर मागे उडालाच. मला हसू फुटलं. दहा दिवसांत पहिल्यांदा. मागच्या बाकांवर कुणीतरी टोपीने मांडी झोडपली. पडतायत, बाबा, माझ्या मनात आलं, बघा कसे पडतायत.

तिसऱ्याला मी घोडा ओढला आणि तो अर्ध्यात अडकला.

पुन्हा जोर लावला. चक्र हलेना. मी घोडा हळूच अंगठ्यावर धरून खाली सोडला.

"काय झालं?" काकांचा डोळा दुर्बिणीतच होता.

"चक्र अडलंय."

"खीळ. खीळ बघ. सरकली असणार."

मी बघितली. आत, घट्ट.

"जागेवर."

"स्क्रू?"

सगळ्या लाल रेघा अखंड. "जुळतायत."

"चल, मग संपलं. मोडलीच ती," काका कुजबुजले. "पंचेचाळीस सेकंद गेले."

मी नळी मेंढ्यांच्या दिशेलाच ठेवून रिव्हॉल्वर आडवं वळवलं आणि फटीत पाहिलं. सहाही घरांना सारखी असलेली ती फट एका ठिकाणी नव्हतीच. पुढच्या घरातल्या काडतुसाचं शिसं चक्राच्या बाहेर डोकावत होतं, तांदळाच्या दाण्याएवढं, आणि नळीच्या बाजूच्या पोलादाला अडकलं होतं.

मला त्याच क्षणी सगळं कळलं. काडतुसाचा पितळी काठ शिशावर आत मुडपावा लागतो. धक्का जितका मोठा, तितकी मुडप घट्ट. नाहीतर शेजारच्या घरातली गोळी सुटताना त्या हिसक्याने बाकीची शिसं जागा सोडून पुढे येतात. गेल्या मे महिन्यात दारू कमी केली, तेव्हा मुडपेचा साचाही मी अर्धा फेरा सैल केला होता, पितळ जास्त दिवस टिकावं म्हणून. गुरुवारी दारूचं माप वर नेलं आणि साचा तसाच राहिला.

काडतुसं घालायची बाजूची झडप उघडली. खीळ ओढली. चक्र उजव्या बाजूने तळहातावर आलं. मी आठ वर्षांची असताना बाबा माझ्या डोळ्यांवर रुमाल बांधून हे करायला लावत आणि चुकलं की भुवया उडवत, ज्या मला दिसत नसत. तीन काडतुसं बाहेर. तिन्हींची शिसं पुढे आलेली. ती मी शर्टाच्या खिशात टाकली. चक्र आत, खीळ आत, खटका.

"एक मिनिट दहा," काका म्हणाले. "पोरी, काय करतेयस तू?"

ठोकळ्यात उरलेली दहाही त्याच दिवशी, त्याच सैल साच्यातून भरलेली होती. पण काडतुसाला हिसका बसतो तो दुसऱ्याच्या गोळीचा. एकटं काडतूस भरलं तर त्याला हिसका देणारं कुणी नाही.

एक भरलं. झडप बंद केली. घोडा पूर्ण मागे आला, मऊ, लोण्यासारखा.

मेंढा पडला.

"तीन. एक तीस."

रिकामं पितळ नळीखालच्या सळईने ढकललं, ते मानेवर पडलं, चटका बसला. दुसरं भरलं. पडला.

"चार. उरले दहा सेकंद. नऊ."

भरलं, घोडा ओढला, माशी मेंढ्याच्या पायावरून पोटावर आली, खांद्यावर यायला निघाली.

"थांबा," आर्लिस म्हणाली.

मी घोडा खाली घेतला. ते काडतूस काढून ठोकळ्यात ठेवलं. पाचवा मेंढा गोळी न लागताच उभा होता. त्याच्यावर माझा राग नव्हता.

दुसऱ्या पाचांना मी पहिल्यापासून एकेक भरलं. आता हाताला लय सापडली होती. झडप, काडतूस, घोडा, श्वास, धक्का, सळई. झडप, काडतूस. काका आता आकडे मोजायचे सोडून नुसते "हं... हं... हं" करत होते, गाय दूध देताना आजोबा करायचे तसे. सहावा. सातवा. आठवा. नववा पडला तेव्हा मागे कुणीतरी म्हणालं, तवा गेला बघ डेल्मरचा. काका दुर्बिणीतून डोळा न काढता म्हणाले, "गप रे. काम चालू आहे."

शेवटच्या मेंढ्याला गोळी जरा खाली लागली, पोटाशी. तो डुलला. मागे गेला, पुढे आला. मी रिव्हॉल्वर छातीवर धरून बघत राहिले. गेल्या जूनमध्ये बाबाही असेच बघत राहिले असणार. मग तो मागे गेला आणि परत आला नाही.

मी उठून बसले तेव्हा काकांनी मला बगलेत धरून उचललंच. मैदानावर सगळे एकदम बोलत होते. आर्लिसने फळ्यावर तीस पुसलं नाही, त्याच्यापुढे बारीक अक्षरात अधिक नऊ लिहिलं आणि खाली रेघ मारून एकोणचाळीस. आमच्या क्लबात एवढे कुणाचे झालेले नव्हते. कुणीतरी माझ्या हातात मांस-राजम्याच्या चिलीचा वाडगा आणि सिनॅमन रोल दिला. माझा अंगठा सुजायला लागला होता, चमचा धरवत नव्हता, आणि मला विलक्षण भूक लागली होती.

डेल्मरकाका ट्रकमधून तवा घेऊन आले आणि तो त्यांनी माझ्यापुढे टेबलावर आदळला.

"घे. पुढच्या वर्षी अंडी तू कर. बघू कोणाची रबरं होतात."

लोक हसले. काका माझ्या शेजारी बसले, टोपी काढली, टोपीच्या आत बघत म्हणाले, "पण आल्डेन बिचारा बरोबर होता गं. दोष होताच म्हातारीत. आज सगळ्यांसमोर अडली ना. चक्र नळीशी धड जुळत नसणार, जोर फटीतून वाया जात असणार. म्हणून गेल्या वर्षी ते दोन उभे राहिले. मी त्याला वर्षभर चिडवत राहिलो, आणि बघ."

"अरे, मी तेव्हाच म्हणाले होते," आर्लिस म्हणाली. "एवढा धक्का खाऊन कुठलं लोखंड टिकतं?"

सगळ्यांनी माना हलवल्या. किती सोपं होतं ते. रिव्हॉल्वर बोलणार नव्हतं. बाबाही नाही. मी नुसती मान हलवली असती तर बाबांचा नेम निर्दोष ठरला असता, मनगटही, आणि दोष पोलादावर जाऊन संध्याकाळपर्यंत सगळे विसरले असते.

पण बाबांनी वर्षभर त्या पोलादात काही सापडलं नाही असंच सांगितलं होतं, आणि त्यांचं म्हणणं खरं होतं.

मी शर्टाच्या खिशातून ती तीन काडतुसं काढली आणि तव्यात ठेवली. लोखंडावर त्यांचा बारीक आवाज झाला. काकांनी एक उचललं, चष्म्याजवळ नेलं, काठावरून नख फिरवलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ही मुडप कोणाची?"

"माझी," मी म्हणाले. "ती अडली ती माझ्यामुळे. तिच्यात काही दोष नाही, डेल्मरकाका. गेल्या वर्षीही नव्हता."

"म्हणजे?"

"गेल्या वर्षीची काडतुसं मीच भरली होती. दारू कमी भरली होती. त्यांचं मनगट सुजायचं म्हणून. त्यांना न सांगता."

काकांनी काडतूस खाली ठेवलं नाही. "किती कमी?"

"मेंढा वाजेल पण पडणार नाही, इतकी," मी म्हणाले, आणि माझा आवाज टेबलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जातोय हे मला ऐकू आलं. "बाबांचे अडतीस झाले होते. डोळे बरोबर होते, हात बरोबर होता, ही बरोबर होती. ते रोज संध्याकाळी मला विचारायचे, ते दोन उभे का राहिले, सिग्ना. आणि मी उठून कॉफी गरम करायचे."